पुढे गेलेला तांब्या

चैत्र शुद्ध नवमी. पहाटे साडेपाचला मी मोरीत बसून तांब्या घासत होते. चिंच आणि मीठ. पावडर चालत नाही. हा नियम घालणारी बाई आतल्या खोलीत पलंगावर पडून होती आणि खोलीचं दार तिने मुद्दाम उघडं ठेवायला लावलं होतं. मी चिंच वापरते की पावडर, हे तिला आवाजावरून कळत असणार. मी चिंचच वापरली. वाद घालायला वेळ नव्हता. सातच्या आत अंथुर्ण्याच्या रस्त्याला लागायचं होतं.

ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई. कळस गावातली आमची विहीर सासऱ्यांनी खणली तेव्हा खडक लागला, पाणी लागेना. सासूबाईंनी नवस बोलला: पाणी लागलं तर दर चैत्रात या विहिरीचं पाणी पायी शिखर शिंगणापूरला नेऊन शंभू महादेवाच्या पिंडीवर घालीन. पाणी लागलं. पुढे कालव्याचं आलं, ठिबक आलं, शेडनेटमध्ये ढोबळी मिरची आली, पण नवस विहिरीचा होता, तो चालूच राहिला. गावची कावड वाजतगाजत जाते ती वेगळी. आमचा एकटा तांब्या. नवमीला निघतो, बारशीला पोचतो.

त्याचे नियम तीन. जमिनीला टेकवायचा नाही, दिवसा हातात आणि रात्री कुणाच्या तरी घरात खुंटीला. गाडीत न्यायचा नाही. आणि एकदा निघाला की मागे फिरवायचा नाही. तो नेणाऱ्याने अनवाणी चालायचं, हा चौथा, पण तो मी मानला नाही.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तीन शब्द राहिले: नको, पाणी आणि कुठं. त्यांत त्या सगळं भागवतात. तीन चैत्र चुलत सासूबाईंनी तांब्या नेला. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवऱ्याची पाण्याची पाळी नेमकी त्याच आठवड्यात आली. पाडव्याच्या दिवशी सासूबाईंच्या लक्षात आलं की तांब्याची कुणी गोष्टच काढत नाही. त्या दिवसापासून चमचा तोंडाजवळ नेला की त्या तोंड फिरवायला लागल्या. चहा तेवढा घ्यायच्या. गोळ्या थुंकायच्या. पाचव्या दिवशी त्यांच्या गालाची हाडं दिसायला लागली तेव्हा मी म्हटलं, "मी जाते." तोंड उघडलं. मऊ भात गेला.

तांब्या पोचला नाही तर ते तोंड पुन्हा मिटणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि एकदा मिटलं तर आता ते फार दिवस टिकणार नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं.

माझा देवावर फारसा विश्वास नाही. पण पाच दिवस घराबाहेर, हे मी मनात मोजलं होतं. चार वर्षांत मी सलग पाच तास घराबाहेर काढले नव्हते. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखम होते. माझ्या फोनमध्ये तसा गजर लावलेला आहे, रात्रंदिवस. लग्नाला गेले तरी अक्षता पडायच्या आत निघते. मिरचीच्या बागेत तोडणी चालू असली तरी गजर झाला की बादली ठेवून घराकडे पळते. बायका म्हणतात, तुझी शाळा भरली.

नणंद बारामतीहून पाच दिवसांसाठी आली होती. ती माझ्यापेक्षा मोठी आहे. मी तिला सगळं लिहून दिलं होतं आणि कागद कपाटाच्या दाराला चिकटवला होता.

"वहिनी, तू निवांत जा," ती म्हणाली. "माझीच आई आहे, मला काय सांगतीस?"

"वन्सं, कूस बदलताना डावा खांदा आधी धरा."

"बरं गं."

"आणि जेवण झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवा."

"वहिनी. जा."

विहिरीतून पाणी काढलं, तांब्या भरला, तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि सासूबाईंना दाखवायला आत गेले. त्यांनी तांब्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. पायांत मुलाचे स्पोर्ट्स शूज होते.

"नको," त्या म्हणाल्या.

"आत्या, बूट घालून जाणार. नाहीतर जाणार नाही."

त्यांनी बराच वेळ छताकडे बघितलं. मग डोळे मिटले. तो होकार होता.

तांब्या हातात धरून चालणं पहिला तासभर बरं वाटतं. नंतर कळतं की आपण काय पत्करलंय. पाणी प्यायचं तर बाटली काखेत धरून एका हाताने झाकण उघडायचं. घाम पुसायचा तर खांद्याला. पदर सुटला तर सुटला. फोन वाजला तर तो पिशवीतून काढेपर्यंत बंद होतो. डावा हात दुखला की उजवा, उजवा दुखला की डावा, आणि दोन्ही दुखले की काही नाही. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची गर्दी नव्हती, हंगाम संपला होता. दोन्ही बाजूंना उसाचा खोडवा आणि नवीन लागण, मधून डांबरी रस्ता, झाड औषधाला नाही. नऊ वाजता पिशवीत गजर झाला. मी दचकून थांबले आणि घराच्या दिशेने वळलेसुद्धा. मग चालायला लागले. अकराला पुन्हा झाला, पुन्हा थांबले. गजर बंद करायला दोन हात लागतात.

साडेबाराच्या सुमाराला अंथुर्णे जवळ आलं तेव्हा मला लघवीला जायलाच हवं होतं. सकाळपासून टाळत होते. साडी सावरायची तर तांब्या कुठे ठेवू? सासूबाई हे कसं करायच्या, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. आता त्यांना सांगता येत नाही.

रस्त्याला लागून एका शेतात कांदा काढणी चालली होती. आठ-दहा रोजगारी बायका ढिगाभोवती बसून पात कापत होत्या. मी कडेच्या बाईला हाक मारली. माझ्याच वयाची असेल, काळी, हडकुळी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"बाई, जरा एवढा तांब्या धरतेस का? खाली ठेवायचा नाही."

तिने तांब्याकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं. "शंभूचं पानी?"

"हो."

ती उठली. बाटलीतलं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, पायांतल्या चपला काढून बांधावर ठेवल्या आणि मग दोन्ही हात पुढे केले. मी बूट घालून उभी होते. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण घाई होती. तांब्या तिच्या हातात दिला आणि मोटारीच्या खोलीमागे गेले.

ते काम दोन मिनिटांचं. खोलीमागून कालव्याची चारी वाहत होती. पाण्याची पाळी सुरू होती म्हणून काठोकाठ पाणी होतं. हात धुवायला म्हणून बसले, मग बूट काढले, मग पाय पाण्यात सोडले. दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते रिकामे होते. मी त्यांच्याकडे बघत बसले.

परत न जाण्याचा विचार माझ्या मनात आला नाही, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. चांगला स्पष्ट आला. चारीच्या कडेने वर चालत गेलं की बारामतीचा रस्ता लागतो. तिथून कुठलीही एसटी. तांब्या कुणाच्या हातात आहे, सासूबाई कुणाच्या हातात आहेत, माझ्या हातात काही नाही. फोन वाजला. नणंदेचा होता. मी नाव बघितलं आणि फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने गजर झाला. तो मी बंद केला आणि तरीही उठले नाही. किती वेळ बसले ते नक्की सांगता येणार नाही. पाय सुरकुतले होते.

उठून शेतात आले तर शेत रिकामं. कांद्याच्या ढिगावर पात झाकलेली. बांधावर चपलांचा जोड होता, निळ्या पट्ट्यांचा, एका पट्ट्याला तारेचा टाका. बाई नव्हती. तांब्या नव्हता.

उन्हाळ्यात कांद्याच्या टोळ्या सकाळी सहाला येतात आणि एकला सुटतात. हे मला चांगलं ठाऊक आहे, आमच्याकडेही तशाच येतात. पण तांब्या देताना माझ्या डोक्यात आलं नाही.

वस्तीवर शेताची मालकीण शेळीला पाणी पाजत होती. मी पळतच गेले.

"त्या बायका कुठे गेल्या?"

"घरी. सुट्टी झाली की."

"एकीच्या हातात माझा तांब्या होता."

"व्हय, तो तुमचा व्हय? पिकअप आली, मुकादम वरडाय लागला. ती म्हनली, खाली ठिवायचा न्हाय म्हनल्यात. मग घिऊनच चढली."

"गाडीत? गाडीत न्यायचा नसतो तो."

"हे तिला सांगितलं हुतं का?"

सांगितलं नव्हतं. मी तीनपैकी एकच नियम सांगितला होता, तोही घाईत.

"तुमी व्हता कुठं पन इतका येळ?" तिने विचारलं.

"पोट बिघडलंय," मी म्हटलं.

तिने मुकादमाचा नंबर दिला. तो फोनवर हसत होता, मागे गाडीचा आवाज होता.

"ती बया का? उतरली की चारीच्या पुलावर. बायका म्हनल्या, शंभूचं पानी गाडीत न्हेत न्हाईत. तिला कळ्ळं तशी पत्रा बडवाय लागली, थांबवा थांबवा. मी म्हनलं, आगं बस, कोन बघतंय? तर म्हनली, पानी बघतंय."

"मग ती परत येतेय का इकडे?"

"न्हाय वो. मागं कसं फिरवंल? म्होरं गेली चालत, तिच्या घराकडं. नीरेच्या काठाला वस्ती हाय तिची, नदीच्या पुलाच्या अलीकडं. निरोप दिलाय तुमाला."

"काय निरोप?"

"म्हनली, त्या बाईला सांगा, पानी म्होरं गेलंय, सावकाश या."

सावकाश या, हे मला टोमण्यासारखं लागलं. मी बांधावरच्या चपला उचलल्या आणि निघाले.

रिकाम्या हाताने चालणं सोपं व्हायला हवं होतं. झालं नाही. दोन मैल आधी मी तांब्यामुळे अडकले होते, आता तांब्या नसल्यामुळे अडकले होते. घरी जाता येत नव्हतं, पुढे जाऊन तो मिळेल की नाही माहीत नव्हतं. त्या बाईला ठेच लागली, पाणी सांडलं, तिने एखाद्या नळाखाली पुन्हा भरून ठेवला, तर मला कळणारही नाही. सासूबाईंना काय सांगायचं, ते मी चालता चालता जुळवत होते. खोटं मी बरं बोलते. पण त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघत पडून असतात. दुसरं काम नाही त्यांना. त्यांना कळलं असतं.

मागून एक मोपेड आली. त्यावर एक म्हातारे शेतकरी, पुढे कडवळाच्या चाऱ्याचा भारा.

"ताई, उनाचं कुठं? आन् पायांत बूट असताना हातांत चपला कशापायी?"

"माझ्या नाहीत, आबा."

"मग कुनाच्या?"

"माझा तांब्या घेऊन गेलीय तिच्या."

त्यांनी मोपेड थांबवली. "भांडान झालंय का?"

"नाही."

"मगाच्या खेपंला एक बाई बघितली म्या, चारीच्या रस्त्यानं. तांब्या असा छातीशी धरलेला, अनवानी, पाय उचलून उचलून टाकत चाललेली. म्हनलं, पोरी, बस, सोडतो. तर न्हाय म्हनली, गाडीत बसाय बंदी हाय. म्हनलं, तुला का तांब्याला? म्हनली, आता दोघांलाबी." ते हसले. "तुमाला न्हाय ना बंदी?"

मी विचार केला. पाणी चालत जायला हवं. मी चालत जावं असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि पाणी चालतच होतं. मी बसले. आबांनी वाटेत त्यांच्या चार म्हशी, दोन सुना आणि कारखान्याची मागची निवडणूक एवढं सगळं सांगितलं. मी हो-हो म्हणत चारीकडे बघत होते. ती कुठे दिसली नाही.

वस्तीच्या तोंडाशी त्यांनी मला सोडलं. चार वाजून गेले होते. पत्र्याची सात-आठ घरं, शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर ती बसली होती. दोन्ही पाय पाण्याच्या घमेल्यात, तांब्या मांडीवर, दोन्ही हात तांब्याला. फडकं जसं मी बांधलं होतं तसंच होतं, गाठही तीच.

"आला का?" ती म्हणाली. "बसा. पानी देते म्हनले असते, पन उठता येत न्हाय."

मी चपला तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसली. "ह्या मी पिकअपमदी ऱ्हायल्या समजत हुते."

"तेव्हापासून असाच धरून बसलीस?"

"मग काय करू? घरात दुसरं कोन हाय धरायला? खुंटी हाय, पन दीस मावळला न्हाय अजून."

तो नियम मी तिला सांगितला नव्हता. "तुला कुणी सांगितलं?"

"माझी आय जायाची शंभूला. धाकटी असताना धरलाय मी तिचा तांब्या. तवा गाड्या नव्हत्या, त्यो नेम तेवढा ठावा नव्हता." मग जरा खाली बघून म्हणाली, "थोडं गाडीत गेलं. दोन शेतं असंल. पाप लागंल का?"

"गाडीत मांडीवर ठेवला होतास की हातात?"

"हातात. वर धरून."

"मग झालं."

"आन् आमच्या हातचं चालंल ना तुमच्या घरी?"

"शंभूला विचारते पोचल्यावर," मी म्हटलं, आणि तांब्या घेतला. तिची बोटं आखडली होती. ती तिने एकेक करून सरळ केली. मला तिच्या पायांचे तळवे दिसले. डांबरावर चालून फोड आले होते, एक फुटला होता. माझ्या पिशवीत मलम होतं, सासूबाईंच्या पाठीला लावायचं. घाईत घरचीच ट्यूब माझ्या पिशवीत आली होती. नणंदेचा तो फोन कशासाठी होता, हे मला त्या क्षणी कळलं.

एका हाताने तांब्या धरून दुसऱ्या हाताने तिच्या पायांना मलम लावणं जमेना. मग तांब्या पुन्हा तिने धरला आणि मी मलम लावलं. ती अवघडून बसली होती. चार वर्षांच्या सवयीने माझा हात चालत होता. कडेने आधी, मध्ये नंतर, चोळायचं नाही.

"हात सराईत हाय तुमचा," ती म्हणाली.

"मला वाटलं होतं तू तांब्या घेऊन पळालीस."

"पळून करू काय त्याचं? पानी तर देवालाच घालायचं."

"मग हाक का मारली नाहीस? गाडी आली तेव्हा? मी तिथेच होते, खोलीमागे."

तिने तांब्या माझ्याकडे दिला. घमेल्यातलं पाणी तिने बसल्या जागेवरूनच उंबऱ्याजवळच्या मिरचीच्या रोपाला ओतलं. मग म्हणाली, "आले हुते हाक मारायला. खोलीच्या कोपऱ्यापातुर आले हुते. तुमी पाय सोडून बसला हुता. फोन वाजला, तर तुमी त्याच्याकडं बघितलं आन् पालथा ठिवला." तिने घमेलं भिंतीला टेकवलं. "म्हनलं, ऱ्हाऊ द्या. बसू द्या बाईला."

मी एका हाताने ट्यूबचं झाकण लावत होते. ते आट्यांत बसेना.

"घरी कोन पडून हाय?" तिने विचारलं.

"सासू. चार वर्षं."

"माझा मालक हुता. नऊ."

त्याचा लोखंडी पलंग आता अंगणात काढून त्यावर सरपण रचलं होतं. मी त्याकडे बघितल्याचं तिने बघितलं.

"पन एक सांगू?" ती म्हणाली. "आज मलाबी बसाय मिळालं. तासभर. हातात शंभूचा तांब्या हाय म्हनल्यावर कोन काम सांगनार? शेजारीन आली, म्हनली दळान टाकून ये. म्हनलं, दिसत न्हाय का?"

दिवस मावळल्यावर तिने दिवा लावला आणि तांब्या खुंटीला अडकवला. कोरड्यास आणि भाकरी झाली. जेवायच्या आधी मी घरी फोन लावला.

"वहिनी, दुपारपासून करतीय मी," नणंद म्हणाली. "मलम कुठं ठेवलंस?"

"माझ्या पिशवीत आलंय. मेडिकलमधून दुसरं आणा. नाव कागदावर आहे, तळाशी."

"आणलंय मी. नुसतं सांगतीय, उचलत जा फोन. आई सारखी दाराकडं बघतीय."

"जेवल्या?"

"सकाळी जेवली. आता नको म्हणतीय. तुझ्याशी बोलल्याशिवाय नको, असं दिसतंय." तिने फोन त्यांच्या कानाशी धरला. मला त्यांचा श्वास ऐकू आला, एका बाजूने ओढल्यासारखा येतो तो.

"कुठं?" त्या म्हणाल्या.

"नीरेच्या काठाला आहे, आत्या. पूल समोर दिसतो."

"पाणी?"

मी खुंटीकडे बघितलं. "खुंटीला आहे. मावळल्यावर लावला. सकाळपासून खाली ठेवला नाही." दोन शेतं गाडीत गेलं, हे मी सांगितलं नाही. कुणाच्या हातात होता, हेही विचारलं नव्हतं त्यांनी. पण जे सांगितलं ते सगळं खरं होतं, आणि ते मला स्वतःला जरा नवलाचं वाटलं.

पलीकडे चमच्याचा आवाज आला. मग नणंद म्हणाली, "तोंड उघडलं गं. ठेव आता, भात गार होतोय."

पुढचं आधीच सांगून टाकते. बारशीला पाणी पिंडीवर पडलं. मुंगी घाटात कावडींची गर्दी होती, गाभाऱ्यात ढकलाढकली होती, आणि प्रत्यक्ष पाणी घालायला लागले दोन सेकंद. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखं झालं ते त्याआधी, दशमीच्या सकाळी.

दशमीला पिकअप सहाला पुलाच्या तोंडाशी येणार होती. मी आणि ती साडेपाचलाच तिथे जाऊन उभ्या राहिलो. तिने पायांना चिंध्या गुंडाळून त्यावर चपला घातल्या होत्या. मी म्हटलं, आज सुट्टी घे. ती म्हणाली, कांदा बसूनच कापायचा असतो. मग चपला काढून रस्त्याच्या कडेला ठेवल्या आणि हात पुढे केले.

"द्या हिकडं. फोन करायचाय न्हवं तुमाला?"

मी तसं म्हटलं नव्हतं. पण करायचा होता. तांब्या तिच्याकडे दिला आणि नवऱ्याला फोन लावला. तो मोटारीवर होता, पाण्याचा आवाज येत होता.

"काय झालं?" तो म्हणाला. "तेरशीला येतीस ना?"

"नाही. येताना पण चालत येणार आहे. तीन दिवस जास्त लागतील."

"येताना कोण चालत येतं? सगळे जीपनं येतात."

"मी चालत येणार. येताना तांब्या रिकामा असतो, कुठंही ठेवता येतो."

"आणि आईचं? ताई तेरशीला जाणार म्हणतीय."

"जाऊ द्या त्यांना. तुम्ही करा."

"मला काय येतंय त्यातलं?"

"मलाही येत नव्हतं. कागद कपाटाला लावलाय, तो वाचा. कूस बदलताना डावा खांदा आधी. डायपर खालच्या फळीवर आहेत. आणि फोनमध्ये गजर लावा, दर दोन तासांनी, रात्रीचे पण. एक, तीन, पाच, असे."

"थांब जरा, मोटर बंद करतो."

तो मोटर बंद करून आला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो मध्येच एकदा "व्हय" म्हणाला. फोन ठेवल्यावर मी माझ्या फोनमधले गजर काढले. बारा होते. एकेक करून बंद केले. पाचचा होऊन गेला होता, सातचा व्हायचा होता. ती तांब्या धरून वाट बघत उभी होती.

पिकअप आली. आतून बायका ओरडल्या, "आज पुन्ना न्हेतीस का काय तांब्या?"

"आज त्यांचा त्याच न्हेतील," ती म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला. मग चपला घालून लंगडत मागच्या फळीवर चढली.

मी नाड्या न सोडता पायानेच बूट काढले, काखेत धरले आणि अनवाणी पुलावरून पलीकडे गेले. पलीकडे गेल्यावर पुन्हा घातले. रस्ता तापायला फार वेळ नव्हता.